ट्रॅक्टरच्या गिअरपेटीचे तेल बदलताना : हटून बसलेली बुचे सोडविण्याची रीत

खरिपाची पेरणी तोंडावर आली की ट्रॅक्टर बाळगणारा शेतकरी यंत्राच्या डागडुजीस लागतो. इंजिनाचे तेल बदलले जाते, हवेची गाळणी साफ होते, चाकांतील हवा पाहिली जाते. गिअरपेटीच्या तेलाकडे मात्र पुष्कळांचे दुर्लक्ष होते. इंजिनाचे तेल वारंवार बदलावे लागते, म्हणून त्याची आठवण राहते. गिअरपेटीचे तेल दीर्घकाळ चालते, ते नजरेआड असते आणि त्याचे बूच उघडण्याचा प्रसंग वर्षावर्षात येत नाही. तो येतो तेव्हा बूच हटून बसलेले आढळते. मग पान्यास लोखंडी नळी लावून दोन माणसे जोर करतात आणि बुचाचे डोके गोल होते, पाना निसटून हात फुटतो किंवा बिडाच्या पेटीस चीर जाते. शंभर-दोनशे रुपयांच्या बुचापायी हजारो रुपयांचे नुकसान होते. पेरणीच्या ऐन घातीत ट्रॅक्टर उभा राहिल्याने होणारी हानी तर पैशांत मोजताच येत नाही.

हे टाळणे कठीण नाही. बूच सुटण्यास बळापेक्षा क्रम अधिक उपयोगी पडतो. कोणते बूच आधी सोडवावे, कोणता पाना लावावा, ऊब केव्हा द्यावी आणि कोठे थांबावे, एवढे समजले म्हणजे बहुतेक बुचे निमूटपणे सुटतात. या लेखात तो क्रम सांगावयाचा आहे.

पहिला नियम : भरण्याचे बूच आधी

गिअरपेटीस सामान्यतः दोन किंवा तीन बुचे असतात. तळाशी असते ते तेल उतरविण्याचे बूच. वरच्या अंगास असते ते तेल भरण्याचे. कित्येक ट्रॅक्टरांत बाजूस मध्यावर पातळी पाहण्याचे तिसरे बूच असते, तर काहींत त्याऐवजी खुणेची पट्टी असते. कोणते बूच कोणत्या कामाचे हे अंदाजाने ठरवू नये, पुस्तिकेतील आकृती पाहून निश्चित करावे. भलतेच बूच उघडल्यामुळे हायड्रॉलिकचे तेल वाहून जाण्याचे किंवा आतील स्प्रिंग व गोळी बाहेर पडण्याचे प्रसंग येतात.

आता मुख्य नियम. तळाचे बूच उघडण्यापूर्वी भरण्याचे बूच हाताने फिरेल इतके सैल झालेच पाहिजे. तळाचे बूच उघडून सर्व तेल उतरविले आणि नंतर भरण्याचे बूच सुटेना, असे झाल्यास पेटी रिकामी आणि तेल घालण्यास वाट नाही, अशी अवस्था येते. रिकाम्या पेटीचा ट्रॅक्टर कारखान्यापर्यंत चालवीत नेणेही धोक्याचे असते, कारण तेलावाचून दंतचक्रे व बेअरिंगे थोड्याच अंतरात तापून खराब होतात.

याउलट भरण्याचे बूच आधी उघडून पाहिले व ते सुटले नाही, तर काहीच बिघडलेले नसते. जुने तेल पेटीत आहे आणि ट्रॅक्टर चालू शकतो. जुने तेल हे कमी प्रतीचे का होईना, पण तेल आहे. रिकाम्या पेटीपेक्षा ते शतपटीने बरे. काही ट्रॅक्टरांत खुणेच्या पट्टीच्या छिद्रातून किंवा वरच्या झाकणातूनही तेल भरता येते. तशी सोय आपल्या यंत्रास आहे काय, हे आधीच पाहून ठेवावे.

बुचे का अडकतात

उपाय नेमका करावयाचा तर कारण कळावयास हवे. कारणे मुख्यतः चार आहेत.

पहिले कारण गंज. पोलादी बूच बिडाच्या पेटीत बसलेले असते आणि दोन्ही धातू लोखंडाच्याच जातीचे आहेत. कोकणातील व मावळातील भातखाचरांत चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरचा तळ तासन् तास पाण्यात व चिखलात असतो. हे पाणी आट्यांच्या तोंडाशी मुरते. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो आट्यांमधील फटीत पाचरीसारखा दाटून बसतो. शेणखत व रासायनिक खते वाहणाऱ्या ट्रॅक्टरांत क्षारांमुळे ही क्रिया अधिक वेगाने होते.

दुसरे कारण दोन भिन्न धातूंचा संबंध. जीपगाड्या, लहान मालमोटारी व पॉवर टिलर यांपैकी कित्येकांची पेटी अॅल्युमिनियमची असते आणि बूच पोलादाचे. या दोन धातूंमध्ये खारट ओल शिरली की अॅल्युमिनियम झिजू लागते व त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते.

तिसरे कारण प्रमाणाबाहेर आवळणे. तेल गळू नये म्हणून मागच्या वेळी कोणी लांब दांड्याने बूच आवळलेले असते. निमुळत्या आट्यांची बुचे तर पाचरीप्रमाणेच रुततात. जितके आवळावे तितकी ती अधिक घट्ट होतात.

चौथे कारण वरवरचे, पण नेहमी आढळणारे. रंगाचे थर, वाळलेला चिखल व जुने सीलबंद करणारे द्रव्य बुचाच्या कडेस चिकटून बसलेले असते. पुष्कळदा बूच अडकलेले नसतेच. त्याच्या खाचेत माती भरल्यामुळे पाना पुरता आत जात नाही आणि दोष मात्र बुचास दिला जातो.

कामापूर्वीची तयारी

ट्रॅक्टर सपाट व टणक जागेवर उभा करावा. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, हातब्रेक लावावा, मागील हायड्रॉलिक दांडे खाली टेकवावे आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावे. तळाशी शिरावयाचे असल्यास केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या यंत्राखाली कदापि जाऊ नये. जॅकने उचललेले यंत्र मजबूत घोड्यांवर टेकवूनच खाली जावे. अडकलेल्या बुचास झटका देताना यंत्र हालते, हे विसरता कामा नये.

तयारीस आदल्या संध्याकाळीच आरंभ करावा. तारेच्या ब्रशने बुचाचे डोके व भोवतालची जागा लख्ख करावी. खाचेतील माती खिळ्याने किंवा जाड दाभणाने कोरून काढावी व फुंकून टाकावी. मग गंज सोडविणारे पातळ तेल बुचाच्या कडेने सोडावे आणि हातोडीने बुचाच्या डोक्यावर हलके ठोके द्यावे. कंप सुटल्याने तेल आट्यांत उतरते. तासाभराने पुन्हा तेल सोडावे व रात्रभर तसेच ठेवावे. बाजारात या कामाची फवारणीची डबी मिळते. ती नसेल तर रॉकेल किंवा डिझेल वापरतात, परंतु त्यांचा गुण कमी असल्याने वेळ अधिक द्यावा लागतो. तळाच्या बुचावर तेल टिकत नाही, ते ठिबकून जाते. यासाठी तेलात भिजविलेल्या फडक्याची चुंबळ करून ती बुचाभोवती सुतळीने बांधून ठेवावी.

दुसऱ्या दिवशी काम सुरू करण्यापूर्वी नवे तेल, नवी वॉशर, घमेले, नरसाळे व फडकी जवळ आहेत याची खात्री करून घ्यावी. चाळीस अश्वशक्तीच्या आसपासच्या कित्येक ट्रॅक्टरांत गिअरपेटी, मागील आस व हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते आणि ते वीस लिटरांहून अधिक निघते. एक घमेले त्यास पुरणार नाही, हे ध्यानात घेऊन मोकळे डबे हाताशी ठेवावे.

पाना योग्य असावा

बुचाचे डोके बिघडते ते बहुधा चुकीच्या पान्यामुळे. उघड्या तोंडाचा पाना षट्कोनी डोक्याच्या दोनच बाजू धरतो आणि जोर वाढला की त्याचे तोंड फाकते. बारा कोपऱ्यांचा रिंग पाना डोक्याचे केवळ कोपरे धरतो. सहा कोपऱ्यांचा सॉकेट पाना सहाही बाजूंवर टेकतो, म्हणून अडकलेल्या बुचास तोच लावावा. तोंड मागेपुढे होणारा स्क्रू पाना या कामी मुळीच घेऊ नये.

इंच व मिलीमीटर यांचा घोटाळाही फार होतो. आपल्याकडे १९६३ साली महिंद्र व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीत मुंबईस ट्रॅक्टर कंपनी निघाली. तिच्या बी-२७५ सारख्या परदेशी आराखड्याच्या जुन्या ट्रॅक्टरांचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे असत. असे जुने ट्रॅक्टर काही गावांत अजून कामावर आहेत. १५/१६ इंच म्हणजे सुमारे २३.८ मिलीमीटर. त्यावर २४ मिलीमीटरचा पाना बसतो खरा, परंतु सैल बसतो. सुट्या बुचास ही ढिलाई चालून जाते. अडकलेल्या बुचाचे कोपरे मात्र तिच्यामुळेच गोल होतात. पाना बुचावर ठेवून हाताने हालवून पाहावा. खडखडला तर तो त्या बुचाचा नव्हे.

काही बुचांस बाहेर डोके नसून आत चौकोनी किंवा षट्कोनी खाच असते. अर्ध्या इंचाची चौकोनी खाच असल्यास सॉकेटच्या दांड्याचे टोक थेट बसते. षट्कोनी खाचेस नेमक्या मापाची अॅलन की लागते. ती हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवावी व मगच फिरवावी. अर्धवट बसलेली की खाचेच्या वरच्या कडा सोलून काढते.

सोडविण्याचा क्रम

आता एकामागून एक उपाय सांगतो. पहिल्याने काम झाले तर दुसऱ्याकडे जाऊ नये आणि एकही पायरी गाळून पुढची धरू नये.

(१) दिशा पाहावी. बुचाच्या डोक्याकडे तोंड करून पाहिले असता घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरविल्यास बूच सैल होते. ट्रॅक्टरखाली उताणे पडल्यावर डावे-उजवे चुकते आणि सोडविण्याऐवजी बूच आवळले जाते. यास्तव खडूने पेटीवर बाणाची खूण करून ठेवावी.

(२) ठोका द्यावा. बुचाच्या डोक्यावर पितळी किंवा लोखंडी दांडा सरळ धरून त्यावर मध्यम वजनाच्या हातोड्याने चार-सहा ठोके मारावे. यामुळे गंजाचा ठिसूळ थर भंगतो. ठोका बुचाच्या मध्यावरच पडावा. बीड हा कठीण पण ठिसूळ धातू आहे, म्हणून पेटीच्या अंगावर हातोडा लागता कामा नये. अॅल्युमिनियमच्या पेटीस तर ठोके फारच बेताने द्यावे.

(३) झटका द्यावा, रेटा नको. सॉकेट पुरता बसवून पान्याच्या दांड्यावर तळहाताने किंवा लहान हातोडीने तुटक झटके द्यावे. सावकाश वाढत जाणाऱ्या रेट्याने धातू पिळला जातो. गंजाची पकड सुटते ती झटक्याने. सरळ आट्यांचे, खाली वॉशर असलेले बूच असेल तर ते आधी केसभर आवळण्याच्या दिशेने हालवून मग उलट फिरवावे. एका बाजूस फुटलेली पकड दुसऱ्या बाजूस लवकर सुटते. निमुळत्या आट्यांच्या बुचास मात्र हा उपाय करू नये, कारण ते अधिकच रुतेल.

(४) दांडा लांबवावा, पण हिशेबाने. ३० सेंटीमीटरच्या पान्यावर टोकाशी २० किलोचा जोर दिला तर बुचावर ६ किलोग्रॅम-मीटर पीळ पडतो. त्याच जोरास ६० सेंटीमीटरचा दांडा असेल तर पीळ १२ होतो आणि ९० सेंटीमीटरचा असेल तर १८. लांब नळीमुळे हातास जोर जाणवत नाही, पण बुचावर मात्र तिप्पट पीळ पडतो. म्हणून सहा कोपऱ्यांचा सॉकेट पुरता बसला असेल तरच ६० सेंटीमीटरपर्यंतची नळी लावावी. नळीवर उभे राहणे किंवा पायाने लाथ मारणे हे प्रकार सर्वथा वर्ज्य समजावे. पाना आपल्याकडे ओढावा, दूर ढकलू नये. ढकलणे भागच पडले तर मूठ न वळता उघड्या तळहाताने ढकलावा, म्हणजे बूच एकाएकी सुटल्यास बोटांची हाडे पेटीवर आदळत नाहीत.

(५) ऊब द्यावी. याचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. उष्णतेने धातू प्रसरण पावतात, परंतु सारख्या प्रमाणात नव्हे. २५ मिलीमीटर व्यासाचे छिद्र १०० अंश सेल्सिअसने तापविल्यास अॅल्युमिनियममध्ये ते सुमारे ०.०६ मिलीमीटरने मोठे होते. त्याच मापाचे पोलादी बूच तितक्याच उष्णतेने सुमारे ०.०३ मिलीमीटरने वाढते. म्हणजे अॅल्युमिनियमच्या पेटीस नुसती ऊब दिली तरी बूच आपोआप सैल होते. बीड व पोलाद यांचे प्रसरण जवळजवळ सारखेच असल्याने तेथे सर्वच तापवून उपयोग नाही. बुचाभोवतीचा भाग लवकर तापवावा आणि बूच गार आहे तोवरच पाना लावावा.

घरगुती व निर्धोक रीत उकळत्या पाण्याची. जाड फडके बुचाभोवतीच्या भागावर गुंडाळून त्यावर किटलीने उकळते पाणी तीन-चार वेळा ओतावे. भरण्याचे बूच उघडे असेल तर ते आधी झाकावे. गरम हवेचा झोत देणारे विजेचे यंत्र मिळाल्यास अधिक चांगले. ज्योतीचा दिवा शक्यतो वापरू नये. पेटीत तेल आहे, वर गंजतेल सोडलेले आहे, जवळच डिझेलच्या नळ्या व रबरी सील आहेत. फवारणीचे तेल तर सहज पेट घेते, म्हणून ते सोडल्यावर पुसून वाळू द्यावे आणि मगच ऊब द्यावी. ऊब, मग तेल, मग पुन्हा ऊब असा फेरा दोन-तीनदा केल्यास जुनाट बुचेही हालतात.

(६) हालल्यावर घाई नको. बूच किंचित फिरले की एकदम सोडवीत सुटू नये. पाव फेरा मागे, अर्धा पाव फेरा पुढे, थोडे तेल, पुन्हा पाव फेरा मागे अशा रीतीने चालावे. गंजाचे कण आट्यांत अडकून आटे एकमेकांस खाऊ लागले तर सुटत आलेले बूचही पुन्हा जखडते आणि पेटीचे आटे मरतात. बूच नवे मिळते. पेटीचे आटे मात्र मोठ्या खर्चावाचून परत येत नाहीत.

डोके गोल झाले असल्यास

बाहेरील डोक्याचे कोपरे गेले असतील तर कानशीने समोरासमोरच्या बाजू घासून सपाट कराव्या व एक माप लहान सहा कोपऱ्यांचा सॉकेट हातोडीने ठोकून बसवावा. डोके पुरेसे उंच असल्यास दातेरी पाइप पाना चांगली पकड घेतो. याने न भागल्यास धारदार छिन्नी डोक्याच्या कडेस तिरपी लावून, सैल होण्याच्या दिशेने हातोड्याचे ठोके द्यावे. छिन्नी वापरताना डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा. आतील षट्कोनी खाच झिजली असेल तर तीत किंचित मोठ्या मापाचे, ताऱ्याच्या आकाराचे टोक ठोकून बसविल्यास ते कडा धरते.

शेवटचा उपाय म्हणजे बुचावर लोखंडी नट वेल्डिंगने जोडणे. यात दुहेरी लाभ आहे. पाना लावण्यास नवे डोके मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकडही मोडते. परंतु हे काम जाणत्या वेल्डरकडूनच करवून घ्यावे. बॅटरीच्या दोन्ही तारा आधी काढून ठेवाव्या. वेल्डिंगची जमिनीची तार बुचाच्या अगदी जवळ जोडावी, अन्यथा वीज बेअरिंगांतून वाहून त्यांस चट्टे पडतात. भोवतालचे तेल पुसून घ्यावे आणि वाळूची बादली जवळ ठेवावी.

केव्हा थांबावे

थांबणे हाही कामाचाच भाग आहे. पान्याखाली बूच मऊ लागू लागले, म्हणजे फिरते आहे असे वाटते पण बाहेर येत नाही, तर ते पिळले जात आहे असे समजावे व हात आवरावा. पेटीच्या कडेस बारीक चीर दिसली किंवा रंगास रेषा पडली तरीही थांबावे.

उद्या पेरणीस निघावयाचे आहे आणि आज बूच सुटत नाही, अशी स्थिती असेल तर हट्ट करू नये. खुणेच्या पट्टीने पातळी पाहावी, कमी असल्यास त्याच जातीचे तेल घालून ती पूर्ण करावी आणि मोसम आटोपल्यावर काम हाती घ्यावे. भरण्याचे बूच सुटले पण तळाचे सुटत नाही, असे असेल तर हातपंपाने वरून तेल उपसून नवे भरता येते. तळाचा गाळ त्याने निघत नाही, म्हणून हा उपाय मोसम निभावण्यापुरताच मानावा. मात्र तेलात पाणी शिरून ते दुधाळ झालेले असेल, तर थांबण्यास सवड नसते. अशा वेळी जाणत्या मिस्त्रीस बोलवावे, पण बूच सोडवून पेटी स्वच्छ केल्यावाचून ट्रॅक्टर कामास लावू नये.

तेल उतरविताना व बूच बसविताना

दोन्ही बुचे हाताने फिरतील इतकी सैल झाली की ती पुन्हा बेताने आवळून ट्रॅक्टर दहा-पंधरा मिनिटे चालवावा. तेल कोमट होऊन पातळ होते व गाळ त्यात मिसळून बाहेर पडतो. फार गरम तेलाने हात भाजतो, म्हणून स्पर्श सहन होईल इतकेच ते असावे. मग भरण्याचे बूच काढून तळाचे सोडावे.

उतरलेले तेल नीट पाहावे. तळाच्या बुचास लोहचुंबक असल्यास त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ थर साचलेला असतो. तो दंतचक्रांच्या नेहमीच्या झिजेचा असून चिंतेचे कारण नाही. बोटास टोचणारे कण, पापुद्रे किंवा दात्यांचे तुकडे सापडले तर ते मोडतोडीचे चिन्ह होय. दुधाळ तेल पाणी शिरल्याचे सांगते. अशा वेळी सील व पेटीची श्वासनळी तपासावी. श्वासनळी चिखलाने बुजल्यास पेटीत दाब साचतो आणि सीलमधून तेल गळू लागते.

बूच परत बसविण्यापूर्वी दोन्हीकडचे आटे फडक्याने स्वच्छ करावे. डोके बिघडलेले बूच पुन्हा वापरू नये. तांब्याची वॉशर नवी घालावी. ती मिळत नसेल तर जुनी वॉशर लाल होईतो तापवून पाण्यात गार करावी, म्हणजे तांबे मऊ होऊन पुन्हा नीट दबते. निमुळत्या आट्यांवर पांढरी सीलपट्टी आवळण्याच्या दिशेने दोन-तीन वेढे गुंडाळावी आणि टोकाचा पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर पट्टीचे तुकडे तेलात पडतात. बूच प्रथम बोटांनीच चार-पाच फेरे फिरवावे. बोटांनी फिरत नसेल तर ते आडवे लागले आहे असे समजून काढून पुन्हा लावावे. शेवटी पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावे. आज आपण जितके आवळू तितकेच पुढच्या वेळी सोडवावे लागणार आहे.

तेल पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच घ्यावे. ९० क्रमांकाच्या तेलातही जी.एल.-४ व जी.एल.-५ असे प्रकार आहेत. दुसऱ्यात गंधक-फॉस्फरसाची द्रव्ये अधिक असतात आणि ज्या पेटीत पितळी किंवा काशाचे भाग आहेत तेथे ती त्या भागांस अपायकारक ठरू शकतात. हायड्रॉलिकशी सामाईक तेल असलेल्या ट्रॅक्टरांस तर वेगळेच तेल लागते. पातळीच्या बुचाच्या खालच्या कडेशी तेल आले किंवा पट्टीवरील खुणेस पोचले म्हणजे भरणे थांबवावे. अर्धा तास ट्रॅक्टर चालवून गळती व पातळी पुन्हा पाहावी.

जुने तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. जनावरांच्या जखमांस लावण्याची चालही सोडून द्यावी. वापरलेल्या तेलाची गणना २०१६ च्या केंद्रीय नियमांत घातक कचऱ्यात केलेली आहे. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जाईल अशा रीतीने विक्रेत्याकडे किंवा कारखान्यात द्यावे.

सारांश

भरण्याचे बूच आधी सोडवा, ते हाताने फिरल्यावाचून तळाच्या बुचास पाना लावू नका. आदल्या रात्री तेल सोडा, खाच कोरून स्वच्छ करा, सहा कोपऱ्यांचा नेमका पाना घ्या. ठोका, झटका, हिशेबाचा दांडा आणि ऊब हा क्रम मोडू नका. बूच हालल्यावर मागेपुढे करीत सोडवा. हटले तर थांबा, आणि परत बसविताना प्रमाणाबाहेर आवळू नका.

मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली केंद्र सरकारने ट्रॅक्टरचे प्रशिक्षण केंद्र काढले, ते यंत्र चालविणे व यंत्र राखणे ही दोन्ही कामे शेतकऱ्यास यावीत या हेतूने. गावागावांत ट्रॅक्टर पोचले आहेत, पण राखण्याची विद्या तितक्या वेगाने पोचलेली नाही. ज्या गावात एकास ही रीत येते त्याने ती शेजाऱ्यास दाखवावी. मोसम संपल्यावर, सवडीच्या दिवशी, चार ट्रॅक्टरधारकांनी एकत्र बसून आपापल्या यंत्रांची बुचे एकदा सोडवून, स्वच्छ करून परत बसविली तर पुढील मृगाच्या तोंडावर कोणाचाही ट्रॅक्टर एका बुचासाठी अडून राहणार नाही.